इतिहासाच्या तासाला मुलांकडून नक्की काय अपेक्षित असावं?

शाईपेन
नववी-दहावीला इतिहास शिकवते. यंदा वर्ष सुरू होताना पहिल्याच तासाला मुलांच्या हातात एक पान द्यायचं ठरवलंय. या विषयात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे, काय केलंत तर चांगलं म्हणू, काय चालणार नाही, एवढंच त्यावर असेल. मसुदा लिहायला बसले तर शिक्षकखोलीतच वाद सुरू झाला, म्हणून इथे विचारतेय.

सध्या डोक्यात आहे ते असं. नेमून दिलेली पानं वाचून वर्गात यायचं. वहीत फळ्यावरचं उतरवून घेण्याबरोबर स्वतःला पडलेला निदान एक प्रश्न लिहायचा. उत्तर स्वतःच्या शब्दांत. दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून मगच खोडायचं. आणि कुठलंही विधान केलं की "कशावरून?" या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे.

माझ्या लेखी हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. उदाहरण देते. सम्राट अशोक सगळ्यांना पाठ असतो. पण हे शिलालेख अशोकाचे, हे आपल्याला कशावरून कळलं? १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा लेखांत राजाचं नाव सापडलं "देवानंपिय पियदसि". हा राजा कोण, हे श्रीलंकेतल्या पाली ग्रंथांशी ताडून ठरवावं लागलं. आणि खुद्द "अशोक" हे नाव असलेला मस्कीचा लेख मिळाला तो १९१५ मध्ये. हे सांगितल्यावर वर्गात मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात, हे मी पाहिलंय.

तर अपेक्षा काय असाव्यात? शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

मुशाफिर_मी
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहीन.

तवारीख
विषय उत्तम. पण एक गोष्ट मसुद्यात दिसली नाही: सनावळ्या. हल्ली "तारखा पाठ करून काय होतं" असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते मुळीच पटत नाही. इतिहासाच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला कालक्रम माहीत असलाच पाहिजे, ही पहिली अपेक्षा.

पहिलं महायुद्ध घ्या. २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला. युद्ध पुकारलं २८ जुलैला. जर्मनीने रशियाविरुद्ध १ ऑगस्ट, फ्रान्सविरुद्ध ३ ऑगस्ट, आणि बेल्जियममध्ये जर्मन सैन्य घुसल्यावर ब्रिटन उतरलं ४ ऑगस्टला. आता या तारखा एका रेघेवर मांडा. खून आणि खलिता यांच्यात जवळजवळ चार आठवडे शांतता, आणि मग एका आठवड्यात अख्खा युरोप पेटला. "खुनामुळे युद्ध झालं" हे उत्तर किती अपुरं आहे ते त्या रेघेकडे पाहूनच कळतं. तारखा माहीत नसतील तर मुलाला हा प्रश्न पडणारच नाही. "कशावरून" फार पुढची गोष्ट.

नीलमोहर
@तवारीख, उदाहरण सुंदर आहे, पण तुम्ही जे दाखवलंत त्यात महत्त्व क्रमाला आणि मधल्या अंतराला आहे. ती रेघ मुलांच्या समोर ठेवून "यात तुम्हाला काय दिसतं?" असं विचारता येईल की. त्यासाठी परीक्षेत "१ ऑगस्टला काय झालं" हा एका गुणाचा प्रश्न कशाला हवा? माझी भाची सनावळ्या घडाघडा म्हणते आणि फ्रेंच राज्यक्रांती आधी की रशियन, यावर अडते.

तवारीख
भाचीला सुटे आकडे पाठ करायला लावले असतील, दोरीत ओवून दिले नसतील. मी काही पन्नास तारखा मागत नाही. प्रत्येक पाठातल्या चार-पाच खुणेच्या तारखा तोंडपाठ, बाकी पुस्तक उघडून बघितल्या तरी चालेल. पण त्या चार-पाच हव्यातच. वर्गात चर्चा चालू असताना दर मिनिटाला कुणी पान उलटून बघत बसत नाही.

नीलमोहर
चार-पाचला माझी हरकत नाही. त्या कुठल्या, हे मात्र शिक्षकांनी आधी सांगावं. मुलांनी अंदाज बांधत बसू नये.

दहावी_ब
नमस्कार, मी इथे नवीन आहे, आईच्या सांगण्यावरून लिहितोय. मला इतिहास आवडतो पण गुण पडत नाहीत. पेपरवर शेरा असतो "मुद्दे वाढव" किंवा "सविस्तर लिही". मी पुढच्या वेळी जास्त लिहितो, तरी तोच शेरा. मला खरंच कळत नाही की माझ्याकडून काय पाहिजे आहे. ताईंनी असं पान आम्हाला दिलं असतं तर बरं झालं असतं.

शाईपेन
@दहावी_ब, स्वागत! तुझ्यासारख्या मुलांसाठीच हा खटाटोप आहे. तुझं एखादं उत्तर आठवत असेल तर जसंच्या तसं इथे लिही. कुणी नावं ठेवणार नाही.

दहावी_ब
प्रश्न: फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती का झाली?
माझं उत्तर: फ्रान्सचा राजा अन्यायी होता. लोक गरीब होते. त्यांच्यावर खूप कर होते. लोकांना स्वातंत्र्य हवे होते. म्हणून क्रांती झाली.
पाचपैकी दोन मिळाले.

जुनी_वही
बाळा, तुझ्या उत्तरात चुकीचं एकही वाक्य नाही. आधी हे लक्षात घे, कारण "मुद्दे वाढव" या शेऱ्यातून तुला तसं वाटलं असणार. अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून अडचण कुठे आहे ते सांगतो. तुझी चारही वाक्यं १६८९ सालालाही लागू पडतात. राजा तेव्हाही मनमानी करणारा, लोक तेव्हाही गरीब, कर तेव्हाही होते. प्रश्नात "१७८९ साली" असं विचारलंय, म्हणजे "तेव्हाच का?" याचं उत्तर हवंय.

आता बघ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत करण्यात फ्रान्सच्या तिजोरीवर कर्जाचा डोंगर झाला होता. १७८८ मध्ये पीक बुडालं आणि पावाचे भाव चढले. पैसा उभा करायला राजाला तिन्ही वर्गांची सभा बोलवावी लागली. ती भरली मे १७८९ मध्ये, आणि त्याआधीची भरली होती १६१४ मध्ये! त्या सभेत मतं वर्गवार मोजायची की माणसागणिक, यावर भांडण जुंपलं. वर्गवार मोजली तर धर्मगुरू आणि सरदार मिळून दोन, आणि बाकी सगळी प्रजा मिळून एक.

यातलं सगळं लिहायची गरज नाही. तुझं "लोकांवर खूप कर होते" हे वाक्य घे आणि त्याला जोड दे: "सरदार आणि धर्मगुरू यांना बऱ्याच करांतून सूट होती. तिजोरी रिकामी झाल्यावर नवा बोजा कुणी उचलायचा हा प्रश्न आला. त्यासाठी १७८९ मध्ये सभा बोलावली आणि तिथेच मतदानाच्या पद्धतीवरून संघर्ष सुरू झाला." कारण, त्याचा पुरावा, आणि त्यातून पुढे काय घडलं. तीन वाक्यं झाली, पण तुझ्या मूळ उत्तरापेक्षा किती पुढे गेली बघ. असे दोन मुद्दे लिहिलेस तर पाच गुणांचं उत्तर होतं.

दहावी_ब
काका, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!! "तेव्हाच का" हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

ऋतुगंधा
जुनी_वही काका, प्रतिसाद खूप आवडला. वाचनखूण साठवली.

रानवाटा
पालक म्हणून लिहिते आहे, आणि थोडं चिडून लिहिते आहे. इतिहासाचा प्रकल्प म्हणजे चार्ट पेपर, चिकटवलेली चित्रं, सोनेरी कागदाची कडा. माझ्या मुलीने जुन्या पत्रांवर प्रकल्प करायचा म्हणून पणजोबांची पत्रं काढली, त्यांतल्या जुन्या अक्षरांशी झटापट करून तीन पत्रांची नक्कल केली, त्यांत कुणाचा उल्लेख आहे ते आजीला विचारून लिहिलं. सजावट नव्हती म्हणून "नीटनेटकेपणा कमी" असा शेरा मिळाला. बाईंनी पत्रांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मुलीने ती वही पुन्हा उघडली नाही.

शाईपेनताई, तुमच्या पानावर कृपया लिहा की प्रकल्पात सजावटीला गुण नाहीत.

शाईपेन
रानवाटा, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या मुलीने जे केलं ते इतिहास संशोधकाचंच काम आहे: मूळ कागद वाचणं, नक्कल करणं, ज्याला माहीत आहे त्याला विचारणं. लिहिणारच मी ते. आणि मुलीला माझ्याकडून सांगा की ती वही उघड. पत्रांच्या तारखा, कुठून कुठे पाठवली, कशासाठी लिहिली, एवढं प्रत्येक पत्राखाली टिपून ठेवलं तर त्या वहीला मोल येईल.

अभंग_नाद
मी थोडी वेगळी भूमिका मांडतो. "कशावरून?" हा प्रश्न शस्त्रासारखा आहे. मुलांच्या हाती दिला की ती सगळीकडे चालवतात. माझा पुतण्या आता काहीही सांगितलं की म्हणतो "ते जिंकणाऱ्यांनी लिहिलंय, खरं कशावरून?" आणि पुढच्या क्षणी कुठल्यातरी दोन मिनिटांच्या व्हिडिओवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. शंका घ्यायला शिकवताना विश्वास कशावर ठेवायचा हेही शिकवायला नको का?

तवारीख
यावर मात्र मी धागाकर्तीच्या बाजूने. शंका घेण्याची रीत असते आणि ती शिकवता येते. पंधराव्या शतकापर्यंत युरोपात एक दस्तऐवज मानला जात होता: चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडची सत्ता पोपला दान दिली, असा. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने तो बनावट ठरवला. "पोप लबाड आहेत" असं म्हणून ते सिद्ध होणार नव्हतं. त्या दस्तऐवजातली लॅटिन चौथ्या शतकाची नाही, त्यात त्या काळी रोममध्ये नसलेल्या अधिकाऱ्यांचे उल्लेख आहेत, असं एकेक कलम त्याने दाखवलं. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून रोजनिशा प्रसिद्ध झाल्या, त्याही अशाच पडल्या. कागद तपासला तर त्यात महायुद्धानंतर वापरात आलेली द्रव्यं निघाली.

पुतण्याला म्हणावं, खोटं आहे असं वाटतं ना, मग कशावरून खोटं ते दाखव. प्रश्न दोन्ही बाजूंना लागू.

जुनी_वही
तवारीख यांना अनुमोदन, आणि अभंग_नाद यांची काळजीही खरी आहे. मी याला जालियनवाला बागेचं उदाहरण घेत असे. १३ एप्रिल १९१९. सरकारी हंटर समितीचा मृतांचा आकडा ३७९. काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज सुमारे १०००. मुलं लगेच विचारतात, "खरा कुठला?" मी उलट विचारायचो: दोघांत कशावर एकमत आहे ते आधी शोधा. गोळीबार झाला, पूर्वसूचना न देता झाला, बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या, १६५० फैरी झाडल्या गेल्या. यावर वाद नाही. मग पुढचा प्रश्न: आकडा कमी का निघाला असेल? संचारबंदीत नातेवाईक रात्री मृतदेह न्यायला येऊ शकले का? आपला माणूस त्या सभेत होता असं सरकारी कचेरीत जाऊन सांगायला कोण धजावलं असेल? या प्रश्नांपर्यंत मूल आलं की "सगळंच खोटं" हे वाक्य त्याच्या तोंडी येत नाही. कशाबद्दल खात्री आहे आणि कशाबद्दल नाही, हे त्याला वेगवेगळं सांगता येतं. दहावीच्या मुलाकडून ही अपेक्षा रास्त आहे.

अभंग_नाद
हे पटलं. एकमत कुठे आहे ते आधी शोधायचं, हे पुतण्यावर करून बघतो.

मुशाफिर_मी
रात्र झाली, आले एकदाची. रुमाल उचलते.

मला वाटतं "कशावरून"च्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: हा कागद कशासाठी लिहिला होता? पॅरिसमधला बॅस्टिलचा तुरुंग लोकांच्या हाती पडला त्या दिवशी, १४ जुलै १७८९ ला, सोळाव्या लुईच्या रोजनिशीत एकच शब्द आहे: "काही नाही". वर्गात हे सांगितलं की सगळे हसतात, राजाला पत्ताच नव्हता म्हणतात. मग सांगायचं की ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची नोंद होती. त्या दिवशी शिकार मिळाली नाही, म्हणून "काही नाही". एका क्षणात अख्ख्या पुराव्याचा अर्थ बदलतो. मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

त्यामुळे पानावर असं लिहा: कुठलाही जुना मजकूर वाचताना कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कुणासाठी आणि कशासाठी लिहिला, हे आधी विचारायचं. मजकूर काय म्हणतो ते त्यानंतर.

पानावलेली_पायवाट
मुशाफिर_मी, अगदी मनातलं. आपल्याकडे यासाठी पानिपताइतकं चांगलं उदाहरण नाही. तीन तऱ्हेची साधनं आहेत. एक, त्या काळातली पत्रं. राजवाड्यांनी १८९८ मध्ये "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चा पहिला खंड काढला तो याच काळातल्या पत्रांचा. दोन, भाऊसाहेबांची बखर, कथा रंगवून सांगणारी, वाचताना अंगावर काटा आणणारी. तीन, काशीराज पंडिताची फारसी हकीकत. हा अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या छावणीत, पण दोन्हीकडच्या बोलण्यांत वावरलेला. त्याने लिहिलं ते मात्र लढाईनंतर वीसेक वर्षांनी.

मुलांना तिन्हींतला एकेक उतारा द्यावा आणि विचारावं, दाणावैरणीची टंचाई किती होती हे जाणून घ्यायला यातलं कुठलं साधन आधी उघडाल? आणि लोकांच्या मनात या पराभवाचं दुःख कसं राहिलं, ते बघायला कुठलं? दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच येत नाही. बखर "खोटी" म्हणून फेकून द्यायची नसते हे तेव्हा कळतं.

नकाशावेडा
पानिपत निघालं आणि अजून कुणी नकाशा काढला नाही? मला राहवत नाही.

इतिहासाच्या तासाला नकाशा ही माझी एकमेव आणि ठाम मागणी आहे. १५२६, १५५६, १७६१, तीन लढाया एकाच ठिकाणी का? पंजाबातून दिल्लीकडे येणारी वाट बघा, यमुना कुठे आहे बघा. आणि १७६१ चं तर नकाशाशिवाय समजतच नाही. मराठे कुंजपुऱ्याला उत्तरेकडे गेले. अब्दालीने ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. म्हणजे उत्तरेतून आलेला माणूस दक्षिणेला आणि दक्षिणेतून आलेले उत्तरेला! रसद का तुटली हे आता चार ओळींत लिहायची गरज नाही, बोट ठेवून दाखवता येतं. मुलांकडून अपेक्षा अशी हवी की लढाई, प्रवास किंवा व्यापार असलेल्या प्रत्येक पाठाला हाताने काढलेला एक ओबडधोबड नकाशा वहीत असेल. छापील आराखडा चिकटवलेला चालणार नाही. हाताने काढताना नदी कुठल्या बाजूला आहे हे बघावंच लागतं.

ऋतुगंधा
नकाशावेडा, नावाला जागलात! :)

शाईपेन
नकाशा मसुद्यात राहूनच गेला होता. घातला.

कोरा_कागद
एक अडचणीचा विषय काढतो. मुलं सगळं चॅटबॉटला विचारून आणतात. वाक्यं गुळगुळीत, विरामचिन्हं जागच्या जागी, आणि मूल त्यातल्या एका शब्दाचा अर्थ सांगू शकत नाही. कधी तर पुस्तकाचं नाव, लेखक, सगळं देतात आणि तसं पुस्तकच अस्तित्वात नसतं. "स्वतःच्या शब्दांत" एवढं लिहून हे थांबेल असं वाटत नाही.

नीलमोहर
बंदी घालून उपयोग नाही, घरी कोण बघायला जाणार? आमच्या गटात एका शिक्षिकेने केलेला उपाय चांगला चालला. घरून लिहून आणलेल्या निबंधाला निम्मे गुण, आणि उरलेले निम्मे त्या निबंधावर वर्गात पाच मिनिटं बोलण्याला. "हे वाक्य कुठून घेतलंस, ते पान दाखव", "याच्या उलट कुणी म्हणालंय का?" असे साधे प्रश्न. ज्याने खरंच वाचलंय तो अडखळला तरी पान दाखवतो. आधार देण्याची सवयही त्यातून लागते: लेखक, पुस्तक, साल, पान क्रमांक. शाळेत एवढं जमलं तरी पुष्कळ.

रानवाटा
तोंडी परीक्षेला बुजरी मुलं मार खातील, नीलमोहर. माझी मुलगी त्यातलीच. लिहिते छान, पण पाच जणांसमोर उभी केली की आवाज बसतो. "वर्गात सहभाग" म्हणून जे गुण असतात ते नेहमी त्याच चार बोलक्या मुलांना जातात.

नीलमोहर
खरं आहे. शिक्षिकेच्या टेबलाशी, एकेकट्याने, असं करता येईल. सगळ्या वर्गासमोर नको.

जुनी_वही
सहभाग म्हणजे फक्त हात वर करणं असं धरू नये. शाईपेन यांनी मसुद्यात "स्वतःला पडलेला एक प्रश्न वहीत लिहायचा" असं म्हटलंय ना, तोच सहभाग समजावा. तास संपताना वह्या गोळा करून त्यांतले दोन प्रश्न पुढच्या तासाला नाव न घेता वाचायचे आणि चर्चेला ठेवायचे. न बोलणाऱ्या मुलांचे प्रश्न बहुधा सर्वांत खोल असतात.

चांदणवेल
एका मुद्द्याला अजून कुणी हात घातला नाही. जुन्या माणसांना आजच्या फुटपट्टीने मोजायचं की नाही? अथेन्सची लोकशाही शिकवताना मुली विचारतात, बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं तर तिला लोकशाही म्हणायचंच कशाला? मुलं म्हणतात, त्या काळी तसंच होतं. आणि तिथेच चर्चा खुंटते. विद्यार्थ्याकडून इथे काय अपेक्षित आहे?

तवारीख
त्या काळाच्या चौकटीत समजून घेणं अपेक्षित आहे. न्यायनिवाडा हे इतिहासाचं काम नव्हे.

चांदणवेल
पण "त्या काळी" सगळे एकाच मताचे होते असं कुठे आहे? सोळाव्या शतकात स्पेनने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर जे अत्याचार केले, त्यांवर त्याच काळात, त्याच देशाच्या बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने कडाडून टीका केली. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद शहरात राजाने यावर वाद ठेवला होता. म्हणजे ते चूक आहे हे कळणारी माणसं त्या काळातही होती. "त्या काळी तसंच होतं" म्हटलं की आपण त्या माणसांना पुसून टाकतो.

मुशाफिर_मी
आणि त्याच लास कासासने सुरुवातीला, मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकी गुलाम आणावेत असं सुचवलं होतं. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. हेही मुलांना सांगावं. माणूस एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसऱ्या बाबतीत काळात अडकलेला असू शकतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नीट समजतं. आपणच उगाच त्यांना सोपं करून सांगतो.

तवारीख
चांदणवेल, मुद्दा मान्य. मग अपेक्षा अशी मांडू या: "त्या काळी तसं होतं" हे कुणी म्हटलं तर त्या काळातल्या दोन वेगळ्या मतांची माणसं त्याने शोधून दाखवावीत. निवाडा ज्याचा त्याने करावा, पण त्यानंतर.

चांदणवेल
हे मान्य. आणि वर्गात जात, धर्म, आपलं-परकं असं काही निघालं तर बोट मुद्द्याकडे, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे नाही. चारशे वर्षांपूर्वी कुणी काय केलं याचा जाब आज वर्गात बसलेल्या मुलाला विचारला जाता कामा नये. शाईपेन, हे वाक्य पानावर अगदी वर, ठळक अक्षरांत घ्या. बाकीचं एखादं गळलं तरी चालेल.

अभंग_नाद
+१. हे सर्वांत वर.

शाईपेन
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा पुन्हा लिहायला घेतलाय. चांदणवेल यांचं वाक्य सर्वांत वर घेतलं. "कशावरून?" राहिलाच, पण त्याला मुशाफिर_मी यांचे चार प्रश्न जोडले. तारखांच्या बाबतीत तवारीख आणि नीलमोहर यांची तडजोड: प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला मी फळ्यावर खुणेच्या तारखा लिहून देणार, तेवढ्या पाठ हव्यात. वहीत नकाशा. प्रकल्पात सजावटीला शून्य गुण, मूळ साधन वापरलं तर जास्त.

दहावी_ब चं उत्तर आणि जुनी_वही काकांनी सुचवलेली जोड, दोन्ही पानाच्या मागच्या बाजूला छापावं असं मनात आहे. "सविस्तर लिही" असं मी स्वतःही शेकडो वह्यांवर लिहीत आलेय, ते आता बंद. शेऱ्यात मी प्रश्न विचारेन: "तेव्हाच का?", "कशावरून?", "मग पुढे काय झालं?" @दहावी_ब, तुझी हरकत नाही ना? नाव अर्थातच येणार नाही.

पानावलेली_पायवाट
खालच्या बाजूला शिक्षकाकडून मुलांनी काय अपेक्षा ठेवावी, तेही दोन ओळींत लिहा ना. वह्या किती दिवसांत परत मिळतील, प्रश्न विचारल्यावर ओरडा बसणार नाही, आणि उत्तर माहीत नसेल तर बाई शोधून पुढच्या तासाला सांगतील.

शाईपेन
घेतलं. वह्या आठवड्यात परत.

दहावी_ब
ताई, माझी काहीच हरकत नाही, छापा. फक्त एक विचारायचं होतं. असा प्रश्नाचा शेरा मिळाल्यावर तेच उत्तर सुधारून पुन्हा लिहून दिलं तर तुम्ही तपासाल का? आमच्याकडे एकदा गुण पडले की विषय संपतो.

शाईपेन
तपासेन. प्रत्येक चाचणीनंतर एका उत्तराला ही मुभा द्यायची असं ठरवते, आणि वाढलेले गुण धरायचे. सगळ्या उत्तरांना दिली तर मला वह्या आठवड्यात परत करता येणार नाहीत, म्हणून एकच. कुठलं उत्तर ते मुलांनी निवडायचं.